ओपनसर्चला म्हणे मराठी आपोआप कळते!

परवा रात्री देवगडहून मामेबहिणीचा फोन आला. ती आंबा बागायतदारांच्या एका गटाचं काम बघते. फवारणीच्या नोंदी, कृषी सल्ल्याची पत्रकं, सभांची इतिवृत्तं, सगळं टाइप करून तिने सोलर या मजकूर शोधून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर चढवलंय आणि दोन वर्षं ते बिनबोभाट चाललंय. "दादा, सोलर बंद पडलंय म्हणे. सगळं ओपनसर्चवर न्यायचं का? एक जण पैसे घेऊन करून देतो म्हणतोय."

ओपनसर्च हेही सोलरसारखंच शोधाचं सॉफ्टवेअर. सोबत तिने हे सगळं सांगणारा फॉरवर्ड पाठवला. माझ्याकडे तो आधीच दोन ग्रुपांवर येऊन पडला होता, मी दुर्लक्ष केलं होतं. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्यात: सोलर मेलं. इलास्टिकसर्च हे तसलंच तिसरं सॉफ्टवेअर आता ओपन सोर्स (कुणालाही मोकळेपणाने वापरता-बदलता येणारं) नाही, वापराल तर नोटीस येईल. ओपनसर्च कुठल्याही जुन्या लॅपटॉपवर पळतं. आणि ओपनसर्चला मराठीसह सगळ्या भारतीय भाषा आपोआप कळतात, काहीच करावं लागत नाही.

शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण लोकांचे पैसे बुडणार आहेत ते त्याच्यापायी.

सोलर, इलास्टिकसर्च आणि ओपनसर्च या तिन्हींच्या पोटात एकच इंजिन आहे, ल्युसीन. डग कटिंग यांनी ते 1999 मध्ये लिहिलं. शब्द कसा तोडायचा, कुठला प्रत्यय काढायचा, हे ल्युसीनमधले भाषावार ॲनालायझर ठरवतात. ती यादी उघडी आहे, कुणीही बघावी. हिंदी आहे, बंगाली आहे, तमिळ, तेलुगू, नेपाळीही आहेत. मराठी नाही. मग ओपनसर्चला मराठी कळणार कुठून? मराठी मजकूर दिला की ते जागा आणि विरामचिन्हं बघून शब्द सुटे करतं, बाकी काही नाही.

याचा परिणाम काय होतो ते बहिणीलाच फोनवर करून बघायला लावलं. तिच्याकडे एक पत्रक आहे, 'आंब्यावरील तुडतुड्यांचे नियंत्रण'. तिने शोधलं 'आंबा तुडतुडे'. पत्रक आलं नाही. येणार कसं? मराठीत प्रत्यय लागायच्या आधी शब्दच रूप बदलतो. आंबा म्हणजे आंब्या-, तुडतुडे म्हणजे तुडतुड्यां-, पाऊस म्हणजे पावसा-. यंत्राच्या लेखी हे सगळे वेगवेगळे शब्द. तेच पत्रक उचलून ओपनसर्चमध्ये टाकलं तरी हेच होणार. फरक एवढाच की तोवर त्या माणसाचे पैसे देऊन झालेले असतील.

मेसेज पसरवणाऱ्यांपैकी एकाला विचारलं तर म्हणाला, "हिंदी ॲनालायझर लावायचा, लिपी एकच आहे ना." लिपी एक असली म्हणून व्याकरण एक होत नाही! हिंदीचा स्टेमर हिंदीचे प्रत्यय छाटतो. '-च्या', '-साठी', '-तील', '-वरील' त्याच्या गावीही नाहीत. उलट तो शब्दाच्या शेवटचा स्वर उडवतो, त्यामुळे 'काजू'चं 'काज' होतं. कोकणातल्या बागायतदाराने काजू शोधावा आणि शर्टाच्या बटणाचं काज त्याच्याच रांगेत येऊन बसावं, हे चालेल का कुणाला?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. त्या हिंदी ॲनालायझरमधला स्टेमर वगळून फक्त नॉर्मलायझेशनचे, म्हणजे लिहिण्यातले फरक एकसारखे करणारे, दोन फिल्टर घेतले तर मराठीला खरंच उपयोग होतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका ते पोटात घालतात. 'किनाऱ्यावर' या शब्दातला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो, पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण साध्या सर्चला ते दोन वेगळे शब्द वाटतात. हे फिल्टर ते एक करतात. पण तेही सांगून लावावे लागतात, आणि सोलरमध्येही आहेतच की.

बाकीचे तीन मुद्दे. सोलर मेलेलं नाही. 2021 मध्ये ते अपाचे या ओपन सोर्स संस्थेचा स्वतंत्र, वरच्या दर्जाचा प्रकल्प झालं आणि 2022 मध्ये त्याची 9.0 आवृत्ती आली.

इलास्टिकसर्चबद्दल अर्धं खरं आहे. जानेवारी 2021 मध्ये त्यांनी लायसन्स बदलत असल्याचं जाहीर केलं आणि 7.11 या आवृत्तीपासून ते रूढ अर्थाने ओपन सोर्स राहिलं नाही. म्हणूनच ॲमेझॉनने त्याआधीच्या 7.10.2 आवृत्तीवरून ओपनसर्च वेगळं काढलं. पण रोख होता तेच सॉफ्टवेअर सेवा म्हणून विकणाऱ्या क्लाउड कंपन्यांवर. देवगडच्या गटाने स्वतःची पत्रकं शोधली म्हणून नोटीस कोण पाठवणार? शिवाय ऑगस्ट 2024 मध्ये त्यांनी एजीपीएलचा पर्याय दिला, ते ओपन सोर्स लायसन्स आहे. हे मेसेजमध्ये कुठेच नाही.

लॅपटॉपचं म्हणाल तर ओपनसर्च मुळातच जावाच्या हीपसाठी, म्हणजे चालताना लागणाऱ्या मेमरीसाठी, 1 जीबी धरून चालतं, सोलर 512 एमबी. ज्याला मेलेलं म्हणताय तेच हलकं आहे.

ओपनसर्च वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. सप्टेंबर 2024 पासून ते लिनक्स फाउंडेशनकडे आहे, लॉगचे, म्हणजे यंत्रांनी आपोआप लिहिलेल्या नोंदींचे, ढीग उपसायचे असतील तर जरूर घ्या. पण मराठी कळते म्हणून घेऊ नका.

बहिणीला सोलर काढू दिलं नाही. '-त' हा प्रत्यय सरसकट छाटायचं तिच्या मनात होतं, तेही थांबवलं, कारण मग 'खत'चं 'ख' उरतं आणि 'शेत'चं 'शे'. त्याऐवजी सोलरच्या समानार्थी शब्दांच्या फाइलमध्ये ती एकेका शब्दाची रूपं हाताने लिहिते आहे: आंबा, आंब्याचा, आंब्यावर, आंब्यावरील. खाली तुडतुडे, मग करपा, भुरी, मोहोर. ही फाइल शोधताना वापरली जाते, त्यामुळे सगळा मजकूर पुन्हा इंडेक्सही करावा (शोधासाठी नव्याने नोंदवावा) लागला नाही. काल संध्याकाळी तिने 'आंबा तुडतुडे' परत टाकून बघितलं. पत्रक पहिलंच आलं.