नकाशावरची पांढरी जागा

महामार्गाच्या नव्या इंटरचेंजच्या (रस्ते वर-खाली ओलांडून रॅम्पनं जोडणाऱ्या चौकाच्या) जनसुनावणीहून आत्ताच आले आणि डोकं फिरलंय. भिंतीवर हा मोठा नकाशा. रस्ते लाल, रॅम्प पिवळे. आणि आपली पाणथळ? पांढरी. वर बारीक अक्षरात 'मोकळी जागा'.

मोकळी म्हणे!

मी सात-आठ वर्षांची असताना बाबांनी मला तिथे काठावर उभं केलं होतं. म्हणाले, "दाब पाय." दाबला, उचलला, तर ठशात हळूहळू पाणी भरलं. "बघ, खाली सगळं पाणीच आहे." संपला धडा.

मान्य, बाहेर पडणाऱ्या गाड्यांची रांग मुख्य लेनपर्यंत येते, मागच्या ट्रकला ब्रेक लावायला जागा नसते. मीही तिथेच शिव्या घालत उभी असते. पण सुधारणा म्हणजे चारही कोपऱ्यांत आणखी फुगवलेले लूप? असल्या चार गोल रॅम्पच्या, पाकळ्यांसारख्या रचनेत, म्हणजे क्लोव्हरलीफमध्ये, चढणारी आणि उतरणारी गाडी एकाच आखूड पट्ट्यात एकमेकींना आडव्या येतात, म्हणून तर कितीतरी ठिकाणी जुने लूप काढून टाकतायत. ओला कोपरा सोडा, रॅम्प खांबांवर घ्या, म्हटलं. उत्तर काय? "खर्च वाढतो, मॅडम."

बरोबर, भराव स्वस्त. पण भराव म्हणजे बांधच की! चार मोऱ्या टाकल्या की पाणी शहाण्यासारखं त्यातूनच जाईल, असं वाटतं यांना. एकीकडे तुंबून झाडं कुजतात, दुसरीकडे वाळतं. टायरमधलं जस्त, ब्रेकमधलं तांबं धुऊन त्यातच उतरतं. आणि जिथे लहान पोरीच्या पायानं ठसा भरतो, तिथला भराव वर्षानुवर्षं खचत राहणार. ती डागडुजी धरलीय कुणी हिशोबात?

"बदल्यात दुसरीकडे पाणथळ करून देऊ." खड्डा खणून पाणी सोडलं की तळं होतं हो. तो काळा, भुसभुशीत गाळ साचायला पिढ्या जातात. 1971 साली इराणमधल्या रामसरला पाणथळींचा करार झाला, त्यातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आमची नाही. मग काय, पांढरा रंग?

समजावून सांगणारा इंजिनीअर पोरगाच होता, वाईट नव्हता. विचारलं, "तिथे उतरलायस कधी?" ओशाळला. "ड्रोनचे फोटो पाहिलेत." त्यावर मात्र मला चिडता येईना. त्याला शनिवारी बोलावलंय. बूट काढायला लावणार आहे.

नंबर घेतलाय त्याने माझा. बघू, येतो का फोन.