मयताला कोण येणार?

२०१६ च्या सुरुवातीची गोष्ट. रात्री साडेअकराला एका मैत्रिणीचा व्हॉट्सॲप आला. नुसती लिंक, खाली एक अक्षर नाही. कॉलेजातली मैत्रीण, दाऊदी बोहरा या शिया मुस्लिम पंथातल्या घरातली. (तिला विचारून लिहितेय, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) मुलींची खतना, म्हणजे लहानपणी जननेंद्रियाचा थोडा भाग कापणं, बंद करा, अशी मागणी बोहरा बायकांनीच केली होती, त्या ऑनलाइन अर्जाची लिंक. मी वाचलं. काय लिहावं ते सुचेना, म्हणून मूर्खासारखा एक अंगठा पाठवून दिला. पाच मिनिटांनी तिचं उत्तर आलं, "अगं, मला वाटायचं हे फक्त आमच्याच घरात करतात."

सात वर्षांची असताना आत्या तिला आइस्क्रीम खायला म्हणून घेऊन गेली होती. त्यावर पंचवीसएक वर्षं ती कुणाशी बोलली नव्हती. सख्ख्या बहिणीशीसुद्धा नाही. आणि बहीणही तिच्याशी नाही.

पुणेकरांना बोहरा म्हटलं की रविवार पेठेतली बोहरी आळी आठवते. बिजागरी, कडीकोयंडे, नळाचे वॉशर, दोर, पत्रे. बाबांचं बोट धरून मी तिथे कितीदा गेलेय. सोनेरी काठाची पांढरी टोपी, गोड बोलणं, चोख हिशेब. त्या गल्ल्याच्या मागे एक पूर्ण राज्यव्यवस्था आहे, हे आम्हाला कधी दिसलंच नाही. वयात येताना धर्मगुरूंशी निष्ठेची शपथ घ्यायची, तिला मिसाक म्हणतात. लग्नापासून दफनापर्यंत त्यांची किंवा त्यांनी नेमलेल्या आमिलची, म्हणजे गावोगावच्या प्रतिनिधीची, परवानगी लागते, ती रजा. आणि जो ऐकत नाही त्याच्यावर बरात, म्हणजे बहिष्कार. नातेवाईक बोलणं टाकतात, धंदा बसतो, जमातीच्या कब्रस्तानात जागा मिळत नाही.

याविरुद्ध कायदा झाला नव्हता असं नाही. मुंबई प्रांताने १९४९ मध्येच बहिष्कारबंदीचा कायदा केला होता. त्याला तेव्हाच्या सय्यदनांनी, म्हणजे बोहरांच्या सर्वोच्च धर्मगुरूंनी, आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा तो रद्द केला. धर्मातून काढून टाकणं हा धर्माच्या कारभाराचाच भाग आहे, असं बहुमताचं म्हणणं. विरोधात गेले ते एकटे सरन्यायाधीश सिन्हा. त्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून १९८६ मध्ये अर्ज झाला, आणि २०२३ मध्ये तो प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवण्यात आला. १९८६ मध्ये मी दुसरीत होते!

असगर अली इंजिनीअर हे नाव माझ्या पिढीच्या वाचकांना माहीत असेल. मुंबई महापालिकेत इंजिनीअर होते. नोकरी सोडून पूर्ण वेळ बोहरा सुधारणेच्या कामात पडले. बहिष्कार सोसला, मार खाल्ला, लिहीत राहिले. त्यांचे लेख आमच्या घरात वाचले जायचे. पण मैत्रीण सांगते, तिच्या घरात त्यांचं नाव निघालं की मोठी माणसं विषय बदलायची. म्हणजे ज्यांच्यासाठी हा माणूस लिहीत होता त्यांच्या उंबऱ्याबाहेरच ते लेख थांबायचे, आणि आम्ही परके ते वाचून माना डोलवायचो. फोनने पहिला फरक केला तो इथे. पेपर बैठकीच्या खोलीत उघडावा लागतो. फोन उशीखाली राहतो.

२०१५ मध्ये मुंबईत पाच जणींनी 'सहियो' नावाची संस्था सुरू केली. त्यांनी ऑनलाइन सर्वेक्षण केलं, ३८५ बोहरा बायकांनी उत्तरं दिली, त्यातल्या ८० टक्के जणींची खतना झालेली होती. आता हा काही शास्त्रोक्त निवडलेला नमुना नव्हे, ओळखीतून ओळखीत गेलेली प्रश्नावली होती. मला टक्केवारीत फार रस नाहीच. ज्या विषयावर दोन सख्ख्या बहिणी बोलत नव्हत्या त्यावर ३८५ जणी बोलल्या, मला तेवढं पुरे.

आता माझं मत सांगते. सोशल मीडियामुळे लोकांना ज्ञान मिळतं, म्हणून कर्मठ पंथांची पकड ढिली होते, असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. मैत्रिणीला नवीन माहिती काय मिळाली? काहीच नाही, जे झालं ते तिच्याच अंगावर झालं होतं. अशा पंथाचं कुलूप अज्ञानाचं नसतंच. "शंका फक्त तुलाच येते, बाकी सगळे ठाम आहेत," हे ते कुलूप. प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलेलं, आणि प्रत्येकाने खरं मानलेलं.

हे पंथाच्या धुरिणांनाही नीट कळतं. २० मे २०१२ ला न्यूयॉर्कच्या सिटी फील्ड या बेसबॉलच्या स्टेडियममध्ये चाळीस हजारांच्या आसपास कर्मठ ज्यू पुरुष जमले होते, इंटरनेटच्या धोक्यांवर प्रवचनं ऐकायला. बायकांना आत प्रवेश नव्हता. त्यांनी आपापल्या वस्तीतल्या सभागृहांत पडद्यावर थेट प्रक्षेपण पाहिलं. (हसू नका. आपल्याकडेही 'मोबाइलमुळे मुली बिघडतात' हे भाषण फेसबुक लाइव्हवर असतं.)

आणि फार लांब कशाला जायचं? पिंपरीच्या कंजारभाट समाजातली मुलं घ्या. लग्नाच्या रात्री नवरीच्या कौमार्याची परीक्षा आणि सकाळी पंचांसमोर निकाल, या प्रथेविरुद्ध २०१७ मध्ये त्यांनी 'स्टॉप द व्ही रिच्युअल' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. जानेवारी २०१८ मध्ये त्यांच्यातल्या काही जणांना एका लग्नात मारहाण झाली. त्याच वर्षी ग्रुपच्या म्होरक्याच्या बायकोने गरब्यात पाऊल टाकताच गाणीच बंद झाली. इथे पंथ नाही, जातपंचायत आहे, पण कुलूप तेच. पोरांनी पंचांशी वाद घातला याचं पंचांना वावडं नव्हतं. असे वाद पूर्वीही झाले असतील. ही पोरं एकमेकांना सापडली, हे झोंबलं.

पण म्हणून फेसबुकची आरती ओवाळायला मी बसलेली नाही. माझ्या मामाची गोष्ट सांगते. रायगड जिल्ह्यातलं गाव, नव्वदीचं दशक. होळीच्या मानावरून गावकीने मामाला दंड लावला, मामा म्हणाला देत नाही. झालं, वाळीत टाकला. गिरणीवाला दळण घेईना. मामी पायलीभर तांदूळ डोक्यावर घेऊन शेजारच्या गावी जायची. ते आठ महिने मामाने छाती काढून काढले. मग आजी गेली. सकाळी सहाला गेली आणि दुपारी तीनपर्यंत अंगणात होती. तिरडी बांधायला माणूस नाही. मुंबईहून माझे बाबा आणि तीन चुलते गाडी करून पोचले तेव्हा तिला उचलली. तेराव्यानंतर मामाने देवळासमोर नारळ ठेवला, दंड भरला, हात जोडले. बाबा चिडले तेव्हा एवढंच म्हणाला, "भावजी, उद्या माझ्या मयताला कोण येणार?"

या प्रश्नाला मार्क झुकेरबर्गकडे उत्तर नाही. पाच हजार फ्रेंड्स असले तरी तिरडीला खांदा द्यायला चार माणसं गावातलीच लागतात. 'सोबत आहोत' असं लिहिणारे सोबत नसतात, हे आपण सगळेच जाणतो. मी धरून.

राज्याने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो २०१७ पासून लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. मामाच्याच गावात पुढे आणखी एक घर वाळीत पडलं. त्या घरातल्या पोराने बैठकीचं रेकॉर्डिंग करून ते फिरवलं. पोलीस आले, गावकीने 'आमचा बहिष्कार नाही' असं लिहून दिलं. कागद झाला. पण त्या घरच्या हळदीकुंकवाला अजून बायका जात नाहीत, आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचं कुणी नाही. पालखीची वेळ, पाण्याची पाळी, कोण वारलं, सगळं त्या ग्रुपवर येतं. ॲडमिनने एक बोट दाबलं की माणूस गावाबाहेर. पूर्वी दवंडी तरी पिटावी लागायची.

पंथही हे शिकलेत. मुलींच्या खतनेचा विषय २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला आणि पुढच्या वर्षी मोठ्या पीठाकडे सोपवला गेला. त्या दरम्यान प्रथेच्या बाजूने बोलणाऱ्या बोहरा बायकांचीही संघटना उभी राहिली, त्याही याच माध्यमात बोलतात. आणि बोलू देत. त्या सगळ्या पढवलेल्या आहेत असं मानणं मला उद्धटपणाचं वाटतं. फक्त आता 'आमच्यात सगळ्यांचं एकच मत आहे' असं म्हणता येत नाही, कारण दोन्ही बाजू उघड्यावर आल्यात.

माझ्या मैत्रिणीने काही सोडलेलं नाही. रिदा हा बोहरा बायकांचा पोशाख घालते, मोहरमची वाअज, म्हणजे प्रवचनं, चुकवत नाही, आयटीएस हे जमातीचं ओळखपत्र पर्समध्ये असतं. नवऱ्याचं दुकान आहे, गिऱ्हाईक बरंचसं जमातीतलं. ती कशाला सोडेल? सोडायचंही नाही तिला, तिला तिचा धर्म आवडतो. तिच्या फोनवर जमातीचा ग्रुप आहे, आणि दुसऱ्या नंबरवर, मोगऱ्याच्या फुलाचा डीपी लावून, आणखी एक ग्रुप आहे. त्यातल्या निम्म्या बायकांची खरी नावं तिला माहीत नाहीत.

मुलगी सात वर्षांची झाली तेव्हा सासूबाईंनी विषय काढला. हिने शांतपणे सांगितलं, "झालं की. माहेरी गेले होते ना दिवाळीत, तेव्हाच करून आणलं." ही युक्ती त्या दुसऱ्या ग्रुपवर मिळालेली. तिथे चौघींनी आपापल्या घरी हेच सांगितलं होतं.

सासूबाईंनी एकदा नातीकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे. मग ताट पुढे ओढलं आणि शेवग्याच्या शेंगा सोलायला घेतल्या.