पाडून टाका म्हणे!

आई-बाबांजवळ राहावं म्हणून अमळनेरला, त्यांच्याच गल्लीत जुनं घर घेतलं. सगळे हाकेच्या अंतरावर. इतके, की हाक न मारताच येतात.

चपला काढायच्या आधी मान वर! "धाबं अजून ठेवलंय? पाडी टाक रे भाऊ, सरळ स्लॅब ठोक." अहो काका, मे महिन्यात इथे पारा 45ला टेकतो. धाबं म्हणजे सागाची लाकडं, वर मातीचा जाड थर, म्हणून भर दुपारी खाली गारवा. तुमच्या स्लॅबखाली मध्यरात्रीही पंखा गरम वारा फेकतो आणि तुम्ही गादी उचलून गच्चीवर जाता, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे.

मामांना सिमेंटचं वेड. भिंती मातीच्या, दीड-दोन फूट जाड. जमिनीतली ओल वर चढते आणि मातीतून सुकते. वर सिमेंट थापलं की ती आतच कोंडते. मागच्या खोलीत आधीच्या मालकाने तेच केलंय. टकटक केलं की पोकळ वाजतं. परवा तळहाताएवढा पोपडा थेट वरणाच्या पातेल्यात!

म्हणून सिमेंटऐवजी चुना लावायचा, तर चुन्याचं काम जाणणारा गवंडी मोठ्या मुश्किलीने मिळाला होता. त्याला मामांनी ओट्यावरच गाठलं, "सिमेंटच लाव, मी सांगतो." दुसऱ्या दिवसापासून तो गायब, फोनही उचलत नाही.

आणि उद्या आत्या येणार आहेत. देवघराची दिशा बघायला.