‘नसेल तर काय घालू?’ हा प्रश्न मुलांना शिकवा

पावभाजीचे चार-पाच व्हिडिओ लावा आणि ओट्याकडे नीट बघा. एखाद्यात हे हमखास दिसेल: मीठ काचेच्या वाटीत, हळद वाटीत, तिखट वाटीत, लोणी बशीत. मसाला मात्र पाकिटातून येतो. कोरं पाकीट, नाव कॅमेऱ्याकडे, अंगठा नावावर येणार नाही असं धरलेलं. कात्रीने कोपरा कापतानाही ते वळत नाही. ज्यांनी चिमूटभर हिंगसुद्धा आधी वाटीत काढून ठेवला, त्यांनी मसालाच तेवढा पाकिटात का ठेवला? मुलांना छुपी जाहिरात ओळखायला शिकवायची तर सुरुवात इथून करा. वाटीत कोण आणि पाकिटात कोण, हे सहा वर्षांचं पोरही सांगतं.

टीव्हीवरची जाहिरात कार्यक्रम थांबवून येते, त्यामुळे ती वेगळी दिसते. रेसिपीत ती थेट कढईतच पडते. शिवाय सांगणारी व्यक्ती ‘ताई’ असते, रोजच्या ओळखीची. ताईचं ऐकायचं असतं, हे आपणच मुलांना शिकवलेलं. सात-आठ वर्षांपर्यंत तर समोरचा आपल्याला काही विकतोय, हा हेतूच मुलांच्या नीट लक्षात येत नाही.

नियम आहेत, ते मुलांना सांगाही. ‘आस्की’ या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेचे इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम जून २०२१ पासून लागू आहेत. दोन मिनिटांहून मोठ्या व्हिडिओत ब्रँडबद्दल बोलणं चालू असेल तोवर जाहिरातीचं लेबल पडद्यावर राहायला हवं. फुकट मिळालेली वस्तूही सांगावी लागते, म्हणजे ‘कंपनीने पाठवलेला’ एअर फ्रायरही त्यात आला. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं, की व्हिडिओत हा उल्लेख चित्रात आणि आवाजात, दोन्हीकडे हवा. प्रत्यक्षात तो बऱ्याचदा खालच्या माहितीत, ‘आणखी’वर दाबल्यावर, हॅशटॅगच्या गर्दीत सापडतो. यूट्यूबची ‘पेड प्रमोशन’ची पट्टी सुरुवातीची काही सेकंदं कोपऱ्यात दिसते, आणि तीही व्हिडिओ टाकणाऱ्याने तशी खूण केली असेल तरच.

पण लेबलवर विसंबू नका. लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ९ ते ११ वर्षांच्या १७६ मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. इन्फ्लुएन्सरच्या हातात अरबटचरबट खाऊ पाहिलेल्या मुलांनी, खाऊच नसलेली चित्रं पाहिलेल्या मुलांपेक्षा तसल्या खाऊतून ३२ टक्के जास्त कॅलरी खाल्ल्या. त्याच संशोधकांच्या पुढच्या प्रयोगात ‘ही जाहिरात आहे’ असं आधी सांगूनही मुलांचं खाणं कमी झालं नाही. म्हणून माझं ठाम मत आहे, की मुलाला लेबल वाचायला शिकवणं पुरेसं नाही, त्याला रेसिपी वाचता आली पाहिजे.

कसं करायचं? सात-आठ मिनिटांचा एक व्हिडिओ निवडा. पहिल्यांदा नेहमीसारखा बघू द्या. दुसऱ्यांदा आवाज बंद करून लावा. गोड बोलणं गेलं की डोळ्यांना पाकीट दिसायला लागतं. मुलाच्या हातात कागद-पेन्सिल द्या, ब्रँडचं नाव दिसलं की एक रेघ. तिसऱ्यांदा फक्त ऐका आणि एकच वाक्य शोधा: ‘नसेल तर’. मनापासून शिकवणारी बाई सांगतेच, की बेडगी नसेल तर काश्मिरी चालेल, आमचूर नसेल तर लिंबू पिळा. जिथे प्रत्येक जिनसाला पर्याय सांगितलाय आणि एकालाच नाही, तिथे थांबा. मला तरी ही सगळ्यात पक्की खूण वाटते, कारण पैसे देणारा ‘दुसरा कुठलाही चालेल’ हे वाक्य सहसा ठेवू देत नाही.

मग प्रमाण बघा. अर्धा किलो बटाट्याच्या भाजीला पावभाजी मसाला दोन लहान चमचे पुरतो. व्हिडिओत पोह्याच्या चमच्याने तीन-चार वेळा पडतो, कारण पाकीट लवकर संपायला हवं. घरी तेवढाच घातला तर भाजी कडवट होते, वर खारट. अनेक तयार मसाल्यांत मीठ असतं. पाकिटामागची यादी मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणं बंधनकारक आहे, तेव्हा मीठ कितवं आहे ते त्यालाच मोजू दे.

स्वतःचा मसाला विकणारे चॅनेल हा आणखी एक प्रकार. त्यात गैर काही नाही, पण तेही दुकानच, हे मुलाला कळायला हवं.

पालकांची चूक होते ती इथे: शोध सुरू झाला की सगळंच खोटं ठरवलं जातं. ओट्यावर तेलाची बाटली दिसली म्हणजे पैसे घेतलेच असं नाही. ‘नक्की जाहिरात’, ‘बहुतेक’ आणि ‘कळत नाही’ अशी तीन उत्तरं ठेवा, आणि तिसऱ्या उत्तरालाही शाबासकी द्या. मुलाला आवडणाऱ्या ताईची टर उडवू नका, नाहीतर ते तिची बाजू घेईल आणि तुमचं ऐकणं बंद करेल.

रविवारी घरीच पावभाजी मसाला करून बघा. दोन चमचे धणे, एक चमचा जिरं, अर्धा चमचा बडीशेप, चार लवंगा, पाच मिरे, इंचभर दालचिनी, एक मसाला वेलची, तीन बेडगी मिरच्या. मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजा, पूर्ण गार करून मग दळा. गरम दळलं तर वाफेने गोळे होतात. शेवटी अर्धा चमचा आमचूर. एकाच भाजीचे दोन भाग करा, एकात हा, दुसऱ्यात पाकिटातला, दोन्हीकडे चमचे मोजून सारखे. मीठ दोन्हीकडे चाखून मगच घाला. वाट्यांखाली चिठ्ठ्या चिकटवा आणि मुलाला डोळे मिटून चव घेऊ द्या. पाकीट जिंकलं तर जिंकलं. ते त्याने चाखून ठरवलेलं असेल.