आजोबांच्या माळ्यावरचा मँटल

जुनं बेसबॉल कार्ड ऑनलाइन लिलावात घेऊन फसणं सोपं आहे, असं लोकांना उगीच वाटतं. नकली कार्ड आपली ओळख इतक्या ठिकाणी पटवून देत असतं, की त्या सगळ्या खुणांकडे पाठ फिरवून नेमकी त्याच्यावरच बोली लावायची तर निग्रह लागतो. तो निग्रह कसा कमवावा, ते इथे सांगायचं आहे.

आधी मालाविषयी थोडंसं. अमेरिकेत बेसबॉलपटूंची ही कार्डं सुरुवातीला सिगारेटच्या पाकिटातून आणि पुढे च्युइंगगमच्या पुडीतून येत. पोरं ती खिशात कोंबत, सायकलच्या आऱ्यांत अडकवत, आणि आया दिवाळीत आपण रद्दी काढतो तशी ती काढून टाकत. म्हणून जी उरली ती महागली. 1952 सालचं टॉप्स कंपनीचं, मिकी मँटल या खेळाडूचं 311 नंबरचं कार्ड ऑगस्ट 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं. त्या मालिकेतला न खपलेला माल कंपनीनेच 1960 मध्ये बोटीत भरून अटलांटिकमध्ये बुडवला होता. ही हकीकत पाठ करून ठेवा. एवढी दुर्मीळ वस्तू तुम्हाला साडेचारशे डॉलरला का मिळते आहे, असा प्रश्न मनात आलाच तर तो दाबायला ती उपयोगी पडते: समुद्रातून एखादं वर आलं असेल.

आता विक्रेता निवडायचा. ज्याला कार्डांतलं काहीच कळत नाही, तोच घ्या. तो वर्णनात तसं स्वच्छ लिहितो: ‘मला यातलं काही समजत नाही, आजोबांच्या माळ्यावर पेटी सापडली, खरं की खोटं तुम्हीच ठरवा, माल परत घेतला जाणार नाही.’ किती प्रामाणिक माणूस! या आजोबांच्या माळ्यावर मँटल असतो, बेब रूथ असतो, होनस वॅग्नर असतो. साधा, कुणाच्या लक्षात नसलेला राखीव खेळाडू मात्र एकही नसतो. खऱ्या पेटीत शंभर कार्डांमागे पंचाण्णव अशीच फुटकळ निघतात, पण तुमच्या विक्रेत्याचे आजोबा लहानपणापासूनच चोखंदळ होते, असं समजा. त्याच माणसाने गेल्या महिन्यात आणखी दोन मँटल विकलेत का, हे बघायला त्याचा जुना व्यवहार उघडू नका. बोली लावणाऱ्यांची नावं लपवलेली असतील तर फारच छान. भाव वर चढवणारे तिघे कोण, हे कळून उगाच मन खट्टू होत नाही.

शीर्षकात शेवटी कुठेतरी ‘आरपी’ अशी दोन अक्षरं दिसतील. रीप्रिंट म्हणजे पुनर्मुद्रण, त्याचं हे लघुरूप. पुढे भांडण झालंच तर ‘सांगितलं होतं की’ म्हणायला ठेवलेलं. तुम्ही ते विक्रेत्याचं आडनाव समजा.

फोटो धूसर असावा, तिरका असावा, आणि कार्ड जाड प्लॅस्टिकच्या स्क्रू लावलेल्या चौकटीत असावं. कडेला पट्टी ठेवून मागच्या बाजूचा सरळ फोटो मागू नका. पट्टी ही वस्तू या छंदातला सगळ्यात मोठा रसभंग आहे. 1952 चं टॉप्स कार्ड 2⅝ इंच रुंद आणि 3¾ इंच उंच. आज आपण ज्याला नेहमीचा आकार म्हणतो तो 2½ बाय 3½ टॉप्सने 1957 पासून धरला. 1983 मध्ये कंपनीने 1952 च्या संचाचं स्वतःच अधिकृत पुनर्मुद्रण काढलं, ते या छोट्या आकारात. पाच खेळाडूंशी करार जमला नाही म्हणून 407 ऐवजी 402 कार्डांचंच. ते पुनर्मुद्रण असल्याचं मागे छापलेलं असतं, आणि ती ओळ खरवडली की तिथला कागद तुळतुळीत न राहता लवदार होतो. म्हणजे मागची बाजू तिरप्या उजेडात धरली तर खरवडलेला पट्टा दिसतो आणि पट्टी लावली तर कार्ड उंचीला पाव इंच कमी भरतं. तेव्हा उजेडही नको आणि पट्टीही नको.

तरी घरात एखादा चिकित्सक भाचा असतोच आणि तो सोनाराचं भिंग घेऊन येतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग पंधरा-वीस डॉलरला मिळतं, ही या धंद्यातली खरी अडचण आहे. त्याने भिंग मँटलच्या चेहऱ्यावर ठेवलं तर ठेवू द्या. चेहरा अस्सल कार्डावरही ठिपक्यांचाच असतो आणि बघणारा गोंधळतो. पण खाली ‘मिकी मँटल’ या नावाच्या काळ्या अक्षरांकडे त्याला वळू देऊ नका. 1952 मध्ये काळ्या शाईची प्लेट वेगळी असे. अक्षरं आणि चौकटीची रेघ त्या प्लेटवरून सलग उठत. भिंगाखाली ती भरीव काळी दिसतात, कडा स्वच्छ, मध्ये एकही ठिपका नाही. नकली कार्ड बनवणारा मात्र अख्खं कार्ड स्कॅन करतो. स्कॅनरला अक्षर आणि गाल यांतला फरक कळत नाही, त्याच्या लेखी सगळं चित्रच. मग छापताना ‘एम’चे पायसुद्धा निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांतून उभे राहतात, कडा करवतीसारख्या होतात आणि अक्षराभोवती रंगांची साय धरते. इंकजेटवर काढलेलं असेल तर ठिपक्यांची ओळसुद्धा नसते, रंगपंचमीला दुरून उडालेल्या शिंतोड्यांसारखी नुसती फवारणी.

स्कॅनरचा दुसरा गुण म्हणजे तो फार कामसू असतो. मूळ कार्डावरची घडी, मळ, चहाच्या कपाचा अर्धगोल, सगळं तो इमानाने उतरवतो. त्यामुळे डोळ्याला घडी दिसते आणि बोट फिरवलं तर कागद सपाट लागतो. अशा वेळी बोट फिरवू नये. फोटो बघावा.

भाच्याकडे नोटा तपासायची अतिनील टॉर्चही असेल. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालायची पद्धत साधारण 1950 च्या सुमारास रूढ झाली. त्याआधीचा कागद अंधारात या टॉर्चखाली मंद, निस्तेज राहतो आणि नवा कागद नुकत्या निळीत बुडवलेल्या धोतरासारखा निळसर-पांढरा पेटतो. 1910 चं म्हणून घेतलेलं कार्ड असं पेटलं, तर ‘खेळाडूचं तेज आहे’ म्हणा. आणि नाहीच पेटलं, तर लगेच जल्लोष करा. जुन्या पुस्तकांची सुरुवातीची कोरी पानं फाडून त्यांवर छापणारे कारागीर आहेत, हे त्या आनंदाच्या क्षणी आठवायची काही गरज नाही.

सगळ्यात घातक सल्ला मात्र जुने संग्राहक देतात, त्यांच्यापासून चार हात दूर राहा. ते म्हणतात, त्याच वर्षाच्या, त्याच संचातलं एखादं फुटकळ खेळाडूचं कोपरे गेलेलं अस्सल कार्ड आधी घ्या. 1952 टॉप्सच्या सुरुवातीच्या नंबरांतलं असं कार्ड मँटलच्या तुलनेत चिंचोक्याच्या भावात मिळतं, त्याची नक्कल करायला कुणी बसत नाही. मग दोन्ही शेजारी ठेवा: पुठ्ठ्याची जाडी, मागच्या बाजूचा रंग, टॉर्च मागून धरली तर किती उजेड आरपार येतो, शतांश ग्रॅमच्या काट्यावर वजन किती. दोन मिनिटांत निकाल. इतकं स्वस्त आणि इतकं अचूक साधन हाती असेल तर माणूस फसणार कसा? म्हणून फुटकळ कार्डावर पैसे घालवू नका. तेच बोलीत वाढवा.

जुनेपणाची शोभाही दुरूनच बघावी. कोऱ्या करकरीत नकलेला वय आणायला चहाचं पाणी, ओव्हन आणि बारीक सँडपेपर पुरतो. चहा सगळीकडे सारखा बसतो. काळ तसा बसत नाही, तो कडेकडून आत येतो. खऱ्या वापराने कोपरा झिजतो तेव्हा पुठ्ठ्याचे थर सुटतात, तंतू पिंजतात आणि त्यांत मळ बसतो. सँडपेपरने चारही कोपरे एकाच मापाचे गोल होतात, भावंडांचे केस एकाच न्हाव्याने कापावेत तसे. वास घ्यायचा मोह झाला तर आवरा. नाहीतर 1909 च्या कार्डाला आसाम चहाचा वास का, याचं उत्तर शोधत बसाल.

ज्यांना आणखी उंच उडी मारायची आहे, त्यांच्यासाठी टी206. अमेरिकन टोबॅको कंपनीने 1909 ते 1911 मध्ये सिगारेटच्या पाकिटांत घातलेला हा संच. कार्ड जेमतेम 1 7⁄16 बाय 2⅝ इंचाचं, म्हणजे त्याची उंची टॉप्सच्या रुंदीएवढी. यातला वॅग्नर म्हणजे या छंदाचा कोहिनूर. 2022 मध्ये एक साडेबहात्तर लाख डॉलरला गेला. वॅग्नरने परवानगी नाकारली म्हणून छपाई लवकर थांबली. तंबाखूचा तिटकारा की मानधनाचा वाद, यावर अजून खल चालतो. तुम्हाला हवा तो वॅग्नर निवडताना पाठीकडे बघू नका. अस्सल वॅग्नरच्या पाठीवर ‘पिडमाँट’ किंवा ‘स्वीट कॅपोरल’ यांपैकीच एका सिगारेटची जाहिरात सापडली आहे, पहिली निळ्या शाईत, दुसरी लाल. संचात एकूण सोळा ब्रँड आहेत, त्यामुळे कारागिराला चुकायला भरपूर वाव मिळतो. ‘पोलर बेअर’ तंबाखूवाला वॅग्नर मिळाला तर जगात एकमेव म्हणून फ्रेम करा. पुढच्या बाजूला नावाची ओळ तपकिरी शाईत असते आणि तिथे पिट्सबर्ग हे नाव शेवटच्या ‘एच’शिवाय छापलेलं असतं, कारण त्या काळी सरकारी स्पेलिंग तसंच होतं. तुमच्या कार्डावर ‘एच’ असेल तर विक्रेत्याने शुद्धलेखन सुधारून दिलं, असं धरा.

याच संचात शेरी मॅगी या खेळाडूचं नाव काही कार्डांवर चुकून ‘ई’च्या जागी ‘आय’ पडून छापलं गेलं. चूक सुधारलेलं कार्ड स्वस्त, चुकलेलं महाग. मग एका अक्षरावर ब्लेड आणि पेन चालवलं की भागलं, आणि कागद, शाई, वय सगळं शंभर टक्के अस्सल राहतं. या सफाईदार कामावर पाणी पाडणारी गोष्ट एकच: चुकलेलं कार्ड फक्त ‘पिडमाँट 150’ पाठीचं असतं. पाठ वेगळी निघाली तर पुढचं अक्षर भिंगाने बघायचीही गरज उरत नाही.

काही सावध माणसं म्हणतील, आम्ही स्लॅबमधलंच घेतो. स्लॅब म्हणजे पावसाळ्यात गळतो तो नव्हे. पीएसए, एसजीसी, बेकेट अशा संस्था कार्ड तपासून, दहापैकी गुण देऊन ज्या प्लॅस्टिकच्या डबीत बंद करतात ती. डबीवर नंबर असतो, तो संस्थेच्या साइटवर टाकला की नोंद निघते. नोंद निघाली की लगेच पैसे भरा. तो नंबर एखाद्या खऱ्या लिलावाच्या फोटोतून उचलून नव्या लेबलवर छापता येतो, हे मनात आणू नका. जुन्या विक्रीचा फोटो शोधून शेजारी लावू नका, कारण चारही बाजूंचा पांढरा पट्टा किती रुंद, कोणत्या कोपऱ्यात ठिपका, घडी कुठे, हे दोन कार्डांचं कधीच जुळत नाही, आणि मग विनाकारण सत्य कळतं. डबीच्या कडा दुधाळ, चरे गेलेल्या दिसल्या तर ती कुणीतरी उघडून पुन्हा चिकटवली आहे. तुम्ही म्हणा, हाताळणी झाली असेल.

संस्थांवर विश्वास ठेवायला एक भक्कम उदाहरणही देतो. पीएसएने 1991 मध्ये तपासलेलं पहिलंच कार्ड म्हणजे एक देखणा टी206 वॅग्नर, दहापैकी आठ गुण. जगातलं सर्वांत प्रसिद्ध कार्ड. त्याच्या कडा आपण कापून सरळ केल्या होत्या, असं लिलाववाले बिल मास्ट्रो यांनी 2013 मध्ये न्यायालयात कबूल केलं आणि टपालातून फसवणुकीच्या गुन्ह्यात 2015 मध्ये त्यांना वीस महिन्यांची शिक्षा झाली. कार्ड अस्सल, कागद अस्सल, फक्त कडा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या. कापलेली कड नव्या पात्याने इतकी तीक्ष्ण येते, की शंभर वर्षांच्या बाकीच्या कार्डाशी तिचं वय जुळत नाही. पण त्यासाठी कड बघावी लागते, आणि बघायचं नाही हे आपलं ठरलं आहे.

पैसे देताना विक्रेता सांगेल, पेपॅलवर ‘मित्र आणि कुटुंब’ या सोयीने पाठवा, कमिशन वाचतं. पाठवा. त्या सोयीत खरेदीदाराला संरक्षण मिळत नाही, पण नाही तरी आजोबांचा माळा दाखवणारा माणूस आता घरचाच झाला ना? साइटवरूनच भरले असतील तर दुसरा धोका आहे. ईबे या लिलावाच्या साइटवर माल वर्णनाप्रमाणे नसेल तर हाती आल्यापासून तीस दिवसांत तक्रार करता येते, विक्रेत्याने ‘परत घेणार नाही’ लिहिलं असलं तरी. तेव्हा पाकीट आलं की उघडू नका. महिनाभर देवघरात ठेवा. एकतिसाव्या दिवशी मुहूर्त बघून उघडा, आणि तेव्हाच भाच्याला भिंग घेऊन बोलवा.

आता कार्ड तुमचं. पैसे अडकलेत, भाचा हसतो आहे आणि न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या घरात बायको विचारते आहे की हे चित्र केवढ्याला. घाबरू नका, फोन काढा. फोटो जरा तिरका घ्या, मागची बाजू टाळा, चौकटीचे स्क्रू घट्ट करा. वर्णन तयारच आहे: मला यातलं काही समजत नाही, आजोबांच्या माळ्यावर पेटी सापडली. आजोबा कऱ्हाडच्या पुढे कधी गेले नाहीत आणि त्यांच्या माळ्यावर फक्त गोवऱ्या होत्या, हे लिहायची जरूर नाही. पाठवायला मात्र अमेरिकी टपाल वापरू नका; मास्ट्रो साहेबांचं तिथेच अडलं.