अँटिबॉडीची पेटंट मोडीत निघालेली नाहीत

'अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये अँटिबॉडीची पेटंट मोडीत काढली, आता एकेक रेणू लिहून द्यावा लागेल आणि नवी औषधं यायची थांबतील,' असं सर्रास सांगितलं जातं. निकालात असं काहीही नाही. (अँटिबॉडी म्हणजे ठरावीक रेणूला चिकटणारं प्रथिन; अशी प्रथिनं औषध म्हणूनही वापरतात.)

पेटंट मोडीत निघाली? अ‍ॅम्जेन विरुद्ध सनोफी हा खटला कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या दोन औषधांवरून झाला: अ‍ॅम्जेनचं रेपाथा आणि सनोफीचं प्रालुएंट. दोन्ही कंपन्यांकडे आपापल्या अँटिबॉडीची, अमिनो आम्लांच्या (प्रथिन ज्यांचं बनतं त्या घटकांच्या) क्रमासह घेतलेली, २०११ ची पेटंट होती. त्यांना कुणी हात लावला नाही. रद्द झाले ते अ‍ॅम्जेनच्या २०१४ च्या दोन पेटंटांमधले दावे. पीसीएसके९ या प्रथिनाच्या ठरावीक जागी चिकटून त्याला एलडीएल रिसेप्टरपासून (रक्तातलं 'वाईट' कोलेस्टेरॉल उचलणाऱ्या, पेशींवरच्या प्रथिनापासून) दूर ठेवणारी प्रत्येक अँटिबॉडी आमची, असं त्यांत म्हटलं होतं. क्रम दिले होते फक्त २६.

'पण बाकीच्या कशा शोधायच्या, तेही सांगितलं होतं ना?' खरी मेख इथेच आहे. सांगितलं होतं ते एवढंच: अँटिबॉडी तयार करा, पीसीएसके९ला चिकटतात का पाहा, नेमक्या जागी चिकटतात का पाहा, मग त्याला रिसेप्टरपाशी जाण्यापासून अडवतात का तपासा. नाहीतर माहीत असलेल्या अँटिबॉडीतलं एखादं अमिनो आम्ल बदला आणि पुन्हा तपासा. बदलाचा परिणाम काय होईल, हे आधी खात्रीनं सांगता येत नाही. न्यायमूर्ती नील गोर्सच यांच्या निकालात आकडे जुळवायच्या कुलपाचा दाखला आहे: १०० चकत्या, प्रत्येकीला २० जागा. कुणाला २६ जुळण्या सापडल्या. तो उरलेल्या सगळ्यांवर हक्क सांगतो आणि इतरांना म्हणतो, फिरवत बसा, उघडलं की लिहून ठेवा. आपलं उरलेलं संशोधन दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं आणि मालकी मात्र आपली! मला हा युक्तिवाद बिनतोड वाटतो.

एकेक रेणू लिहायची अटही नाही. गटातल्या सगळ्यांना ते काम करायला लावणारा समान गुण दाखवला, तर थोडे नमुने पुरू शकतात. इतरांना वाजवी प्रयोग करावे लागले तरी चालतं.

जेवढं करायला शिकवाल तेवढ्यावरच हक्क, हे तत्त्वही जुनंच. विजेच्या बळावर दूरवर अक्षरं उमटवण्याच्या सगळ्याच पद्धतींवरचा, तारायंत्राचे संशोधक सॅम्युएल मोर्स यांचा दावा १८५४ मध्ये फेटाळला गेला होता. यावेळी नऊही न्यायमूर्ती एकमतात होते.

राहिला नव्या औषधांचा प्रश्न. अमेरिकेत प्रालुएंटला मंजुरी जुलै २०१५ मध्ये मिळाली, रेपाथाला त्यानंतर महिन्याभरानं. तरीही जानेवारी २०१७ मध्ये याच दाव्यांच्या आधारे प्रालुएंटच्या विक्रीवर मनाई आली. ती अपिलात थांबली, म्हणून औषध रुग्णांना मिळत राहिलं. म्हणजे नव्या औषधाच्या वाटेत आले होते ते हे व्यापक दावेच.