टिक दाबणं वेगळं, टिकला वाट न देणं वेगळं

ताई, तुमचा आक्षेप असा की टिक्स (मान झटकणं, घसा खाकरणं अशा अचानक, पुन्हापुन्हा होणाऱ्या हालचाली किंवा आवाज) मुद्दाम होत नाहीत म्हणायचं आणि मग मुलालाच त्या थांबवायला शिकवायचं, हा त्याच्यावर अन्याय आहे. शिवाय दिवसभर शाळेत दाबलेल्या टिक्स घरी दुपटीने उसळतात. तुमची कळकळ रास्त आहे, पण टिक्ससाठीच्या या वर्तन-थेरपीत (सीबीआयटी) दाबायला शिकवतच नाहीत.

मान झटकण्याची टिक घ्या. आधी फक्त ओळखणं: झटका कुठल्या बाजूला जातो, कुठला स्नायू आधी ताणतो, त्याआधी मानेत खाज, ताण, असं काय जाणवतं. टिक झाली की मुलाने बोट वर करायचं. सुरुवातीला बोट टिक होऊन गेल्यावर उठतं, हळूहळू ऊर्मी (टिकआधीची ती जाणीव) येतानाच उठू लागतं. मग उलट हालचाल: हनुवटी किंचित खाली, मानेचे स्नायू हलके ताठ, नजर समोर. हे किमान एक मिनिट, आणि ऊर्मी त्यानंतरही असेल तर ती ओसरेपर्यंत. घसा खाकरण्याची टिक असेल तर उलट हालचाल म्हणजे तोंड मिटून नाकाने संथ श्वास. ऊर्मी टिकशिवायही विरते, हा अनुभव मुलाला वारंवार मिळतो. नुसतं दात-ओठ खाऊन दाबण्यात हे शिकणं होत नाही.

फसतं ते बहुधा इथे: चार टिक्स एकदम हाती घेतल्या जातात (एका वेळी एकच, सर्वांत त्रासदायक असलेली आधी), मान इतकी आवळली जाते की दुखायला लागते, किंवा वर्गात चारचौघांत करता येणार नाही अशी हालचाल निवडली जाते.

उसळण्याबद्दल. मुलांनी काही वेळ टिक्स रोखल्यानंतर त्या मोजण्याचे प्रयोग झाले आहेत. रोखणं थांबल्यावर टिक्स मूळ पातळीच्या वर गेल्या नाहीत. घरी जास्त दिसतात ते थकव्यामुळे, मोकळेपणामुळे आणि कधी आपल्याच वागण्यामुळे. टिक वाढली म्हणून गृहपाठ माफ झाला किंवा सगळं घर भोवती जमलं, की ती वेळ टिकची होऊन बसते. यात मूल नाटक करत नसतं. म्हणून पाच मिनिटं विश्रांती द्या, पण गृहपाठ होऊ द्या, आणि टिककडे बघून काही बोलू नका.

2010 साली अमेरिकेत 9 ते 17 वयाच्या 126 मुलांवर चाचणी झाली: 10 आठवड्यांत 8 सत्रं. थेरपी घेतलेल्यांपैकी 52.5 टक्के मुलांत स्पष्ट सुधारणा दिसली, नुसत्या आधार-समुपदेशनाच्या गटात 18.5 टक्के. म्हणजे जवळपास निम्म्यांना तितका फायदा झाला नाही, आणि ज्यांना झाला त्यांच्याही टिक्स सहसा पूर्ण गेल्या नाहीत, कमी झाल्या. औषधाचा पर्याय त्यामुळे उरतोच.

एका बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. घरातलं कुणी दिवसभर ‘मान, मान!’ म्हणत राहिलं तर ती थेरपी नाही, ते टोकणं आहे. आठवण एकाच व्यक्तीने, ठरवलेल्या सरावाच्या वेळी, हळू आवाजात करायची. उलट हालचाल केली की ‘छान जमलं’ म्हणायचं. टिक झाली तर गप्प राहायचं. आणि मुलाला स्वतःला टिकचा त्रासच नसेल, दुखत-खुपत नसेल, कुणी चिडवत नसेल, तर थेरपी सुरू न करता नुसतं लक्ष ठेवणं हाही योग्य निर्णय आहे.